भाडे येते, परंतु उरते किती?

व्यापारी घराण्यात स्थावराचा विषय निघाला की दोन वाक्ये हमखास ऐकू येतात : ‘जागा कधी बुडत नाही’ आणि ‘भाडे म्हणजे घरबसल्या मिळणारे व्याज’. पहिल्या वाक्यात पिढ्यांचा अनुभव आहे. दुसऱ्यात हिशेबाची चूक आहे. दुकानाचा कारभार मुलांकडे सोपविणारे गृहस्थ किंवा पतीच्या पश्चात विम्याची रक्कम हाती आलेली भगिनी याच दुसऱ्या वाक्यावर विसंबून सदनिका खरेदी करतात. किराणा, औषधपाणी आणि वर्षातून एखादी यात्रा हा सारा खर्च मग त्या भाड्यावर सोपविलेला असतो. म्हणून ही चूक लहान मानता येत नाही.

बारामतीत भाड्याच्या घरांना मागणी आहे, यात शंका नाही. अनेकांत एज्युकेशन सोसायटीचे १९६२ मध्ये सुरू झालेले तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय, विद्या प्रतिष्ठानची विद्यानगरी, अलीकडचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि पियाजिओसारखे कारखाने असलेली औद्योगिक वसाहत यांमुळे विद्यार्थी, अध्यापक, परिचारिका व कामगार बाहेरगावाहून येतात. परंतु विद्यार्थी परीक्षा आटोपताच गावी परततो, कंत्राटी कामगार कंत्राटाबरोबर जातो आणि नोकरदाराची बदली होते. इंदापूरसारख्या लहान नगरात भाडेकरूच मोजके. एक गेला की दुसरा मिळेपर्यंत कुलूप. त्याच तालुक्यातील वालचंदनगर शेठ वालचंद हिराचंद यांनी उभारले, ते कारखान्याबरोबर कामगारांची वसाहत वसवून. जेथे मालकच नोकरांना राहण्याची जागा देतो, तेथे भाड्याची मागणी निराळी असते. तेव्हा ‘गाव वाढत आहे’ एवढ्याने भागत नाही. आपल्या घरात नेमके कोण राहील, वर्षातील किती महिने राहील आणि त्याचे वेतन कोठून येते, हे प्रश्न खरेदीपूर्वीच विचारावयाचे असतात.

आता हिशेब. समजा, सदनिकेची किंमत ३० लाख रुपये. मुद्रांक शुल्क सुमारे सहा टक्के, म्हणजे १ लाख ८० हजार. नोंदणी फी ३० हजार. रंग, जाळ्या, गिझर, दलाली मिळून ९० हजार. एकूण गुंतवणूक ३३ लाख. मासिक भाडे ९ हजार, म्हणजे वर्षाचे १ लाख ८ हजार. किमतीशी तुलना करता हे ३.६ टक्के होतात आणि सांगणारा हाच आकडा सांगतो. यातून एक महिना घर रिकामे राहिल्याचे ९ हजार वजा करावेत. सोसायटीचा वर्षाचा खर्च १२ हजार, घरपट्टी व पाणीपट्टी ५ हजार, दुरुस्ती व रंगकामाची तरतूद १० हजार, दलाली व करारनोंदणी ६ हजार. हाती उरतात ६६ हजार रुपये : ३३ लाखांवर बरोबर दोन टक्के. निम्मी किंमत नऊ टक्क्यांच्या कर्जाने उभी केली असेल, तर पहिल्या वर्षाचे व्याजच सुमारे १ लाख ३५ हजार. म्हणजे भाड्याने हप्ता फिटत नाही. दुकानाच्या गल्ल्यातून दरमहा भर घालावी लागते.

आकडे प्रत्येकाचे वेगळे असतील. वजाबाकीची रीत मात्र हीच. किंमत वाढण्याचा लाभ वेगळा. तो विक्रीच्या दिवशी मिळतो, दरमहाच्या औषधाला उपयोगी पडत नाही. बँकेतील ठेव अडचणीच्या दिवशी मोडता येते. सदनिकेला ग्राहक मिळेपर्यंत महिने जातात आणि मुलाच्या शिक्षणासाठी तिची अर्धी खोली विकता येत नाही. म्हणून ज्याचे संपूर्ण धन एकाच घरात अडकते, तो स्थावराचा मालक असूनही रोकडीला मोताद होतो. किमान वर्षभराचा घरखर्च ठेवीत राखूनच स्थावरात पडावे.

दुसरी चूक कागदाची. ‘अकरा महिन्यांचा करार आहे, नोंदणीची गरज नाही’ असा समज सर्वत्र रूढ आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याच्या कलम ५५ नुसार भाड्याचा वा अनुज्ञप्तीचा करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर असते. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. त्याहून महत्त्वाचे असे की, नोंदलेला करार नसेल तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, जोपर्यंत मालक ते खोटे ठरवीत नाही. उलट निवासी जागेचा करार नोंदलेला असल्यास मुदत संपल्यावर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि ताबा मिळेपर्यंत दुप्पट दराने भरपाई मागता येते. वरील उदाहरणात मुद्रांक शुल्क पाव टक्क्याने अडीचशे रुपयांच्या आसपास आणि नगरपालिका हद्दीतील नोंदणी फी एक हजार. एवढी बचत करण्यासाठी ३३ लाखांची मालमत्ता शब्दावर सोपविणे व्यापाऱ्याला शोभत नाही. ओळखीच्या वा समाजातील माणसाशी कागद करताना संकोच वाटतो. परंतु वाद होऊ नये म्हणून कागद असतो, विश्वास नाही म्हणून नव्हे. आहाराविषयी, पाहुण्यांविषयी काही अपेक्षा असतील तर त्याही आधी बोलून लिहाव्यात. किल्ली दिल्यावर सांगू नयेत.

तिसरा मोह जुन्या पेठेतील भाडेकरूसह स्वस्तात मिळणाऱ्या वाड्याचा. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने कित्येक जागांचे भाडे १९४० च्या पातळीवर जखडले होते. ही तरतूद काळाच्या ओघात अवाजवी ठरल्याचे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये म्हटले. पुढे नवा कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्यात वार्षिक चार टक्के वाढीची मुभा आहे. परंतु मुळात शंभर रुपये असलेल्या भाड्यावर चार टक्के म्हणजे चारच रुपये. भाडे नियमित देणाऱ्या भाडेकरूला काढता येत नाही. मालकाची वास्तविक गरज, पोटभाडेकरू ठेवणे अशी कारणे न्यायालयात सिद्ध करावी लागतात. पाणी किंवा वीज तोडून त्याला हुसकावणे हा अपराध आहे. म्हणजे असा वाडा घेणारा भिंतींबरोबर भाडेकरूचा हक्कही विकत घेत असतो. आपल्यातील अनेकांची दुकाने तीन-तीन पिढ्या भाड्याच्याच जागेत चालली आहेत. त्या कायद्याच्या छायेत जो धंदा वाढला, त्याला त्याचे मोल नव्याने सांगावयास नको.

गाळा घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. १० ऑक्टोबर २०२४ पासून, मालक जीएसटीसाठी नोंदलेला नसेल आणि भाडेकरू व्यापारी नोंदलेला असेल, तर व्यापारी गाळ्याच्या भाड्यावरील १८ टक्के कर भाडेकरूने भरावयाचा असतो. कंपोझिशन योजनेतील व्यापाऱ्याला यातून वगळले आहे. भाडे ठरविताना ही गोष्ट दोघांनीही बोलून घ्यावी.

खरेदी कोणाच्या नावे, हाही प्रश्न आधीच सोडवावा. निवासी सदनिका स्त्रीच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. परंतु पैसा पतीचा असेल, तर भाड्याचे उत्पन्न प्राप्तिकरासाठी सामान्यतः पतीच्याच उत्पन्नात धरले जाते. भाड्यातून मालकाने भरलेली घरपट्टी वजा होते आणि उरलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के वजावट मिळते. त्यासाठी दुरुस्तीच्या पावत्या लागत नाहीत. मात्र भाडे बँकेतूनच घ्यावे, अनामत परत करतानाही बँकेतूनच द्यावी. दोन मुलगे आणि एक सदनिका असेल, तर मृत्युपत्र करून ठेवावे. पित्याने निर्वाहासाठी घेतलेले घर भावांतील वादाचे कारण होऊ नये.

दिवाळीत चोपडापूजन होते, तेव्हा दुकानाची नवी वही उघडली जाते. त्याच दिवशी भाड्याच्या घराचेही एक स्वतंत्र पान उघडावे. डावीकडे आलेले भाडे, उजवीकडे रिकामे महिने, कर, दुरुस्ती, दलाली, व्याज. ज्यांनी अद्याप घर घेतलेले नाही, त्यांनी हे पान आधी अंदाजाने लिहावे आणि तळाच्या आकड्यावर घरखर्च चालतो का, ते पाहावे. चालत असेल तर सौदा करावा. चालत नसेल तर तो टाळण्यात कमीपणा नाही. न परवडणारा माल परत पाठविणे ही व्यापारातली जुनीच शिकवण आहे.