युद्धात कसले आलेत नियम?

परवा गावच्या ग्रुपवर कुणीतरी एक व्हिडिओ टाकला. कुठल्या देशातला, कुठल्या युद्धातला, टाकणाऱ्यालाही माहीत नाही. हात मागे बांधून गुडघ्यावर बसवलेला एक पोरसवदा सैनिक आणि त्याला शिव्या घालणारे लोक. खाली हसण्याच्या इमोजींची रांग. "असले व्हिडिओ फिरवू नका" एवढंच मी लिहिलं. लगेच उत्तर आलं, "पत्रकार साहेब, युद्धात कसले आलेत नियम? तुम्ही नगरपालिकेच्या बातम्या द्या."

त्या देतोच. पण आज हेही ऐका.

२७ फेब्रुवारी २०१९. विंग कमांडर अभिनंदन वर्धमान पाकिस्तानच्या हाती सापडले. रक्ताळलेला चेहरा, डोळ्यांवर पट्टी. त्या दिवशी हाच ग्रुप पेटला होता. "जिनिव्हा करार" हा शब्द चहाच्या टपरीवर मी पहिल्यांदा तेव्हा ऐकला. कैद्याला मारता येत नाही, त्याचं प्रदर्शन मांडता येत नाही, असं जो तो मलाच सांगत होता. आणि बरोबर सांगत होता! १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराचं १३ वं कलम नेमकं हेच म्हणतं : युद्धकैद्याला हिंसा, धमक्या, अपमान आणि बघ्यांच्या कुतूहलापासून वाचवणं ही पकडणाऱ्या देशाची जबाबदारी. आपल्या परराष्ट्र खात्यानेही याच आधारावर निषेध नोंदवला. १ मार्चला ते वाघा-अटारी सीमेवरून परत आले आणि आमच्या सलूनमध्ये तशा मिशांची फॅशन आली.

म्हणजे तेव्हा नियम होते. आता नाहीत. का, तर बांधलेला पोरगा आपला नाही.

"समोरचा पाळत नाही, मग आपणच का पाळायचे?" हा ठरलेला प्रश्न. प्रश्न खोटा नाही. कारगिलमध्ये कॅप्टन सौरभ कालिया आणि त्यांच्या पाच साथीदारांचे मृतदेह ज्या अवस्थेत परत आले, ते आठवलं की आजही डोकं भणभणतं. पण त्यांचे हाल केले हे जगाला सांगताना आपण बोट कशावर ठेवतो? याच करारावर. नियमच नाहीत म्हटलं तर तक्रार कसली करणार? शिवाय करारात पळवाट ठेवलेलीच नाही. त्याच १३ व्या कलमात युद्धकैद्यांवर सूड उगवायला मनाई आहे. त्यांच्या देशाने काहीही केलेलं असो.

१९७१ घ्या. ढाक्याच्या शरणागतीनंतर सुमारे ९३ हजार पाकिस्तानी आपल्या ताब्यात आले. बांगलादेशात त्यांच्या लष्कराने काय केलं होतं ते साऱ्या जगाला ठाऊक होतं. तरी त्यांना छावण्यांत ठेवलं, जेवू घातलं, १९७४ पर्यंत परत पाठवलं. त्यांना सोडताना आपण काय पदरात पाडून घ्यायला हवं होतं, यावर खुशाल वाद घाला. पण "मारून टाका" असं माणेकशॉंच्या तोंडावर सांगायची कुणाची छाती होती?

एकाने लगेच कसाब काढला. अहो, कसाब युद्धकैदी नव्हताच, गुन्हेगार होता. आपल्या फौजदारी कायद्याने खटला चालला, २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात फाशी झाली. सैन्यातल्या जवानाला मात्र नुसता लढला म्हणून शिक्षा देता येत नाही. एवढा फरक समजून घ्या, मग वाद घालू.

आणि हे काही परदेशी लोकांचं शहाणपण नाही. आपल्याच संसदेने १९६० साली जिनिव्हा करार कायदा केलाय. कराराचं संरक्षण असलेल्या माणसाला जाणूनबुजून ठार केलं तर शिक्षा फाशी किंवा जन्मठेप. इथल्या कोर्टात.

आता माझं सांगतो. डिप्लोमाला आम्हाला अब्रुनुकसानी शिकवली, कोर्टाचा अवमान शिकवला, हे कुणी शिकवलं नाही. ही सबब नव्हे, कारण वाचता मलाही येतं. अभिनंदन यांचा तो रक्ताळलेला व्हिडिओ मीसुद्धा माझ्या पेजवर टाकला होता, वर लाल अक्षरात "ब्रेकिंग" लिहून. त्या वर्षी पेजवर सगळ्यात जास्त बघितली गेलेली पोस्ट तीच. शत्रूने मांडलेलं प्रदर्शन मी तालुक्यात घरोघरी पोचवलं आणि लाइक मोजत बसलो. ग्रुपवर उत्तर लिहायला बसलो तेव्हा ती आठवली. रात्री शोधून काढून टाकली.

ग्रुपवरचा व्हिडिओ अजून तिथेच आहे. ॲडमिन, काढताय का?