पाहणीचे माप गावाला बसते काय?

१९५६ साली वजनमापांचा कायदा झाला आणि पुढील काही वर्षांत शेर, मण व पायली यांची जागा किलोग्रॅम आणि लिटर यांनी घेतली. तत्पूर्वी एका तालुक्याचा शेर दुसऱ्या तालुक्याच्या शेराशी जुळेलच असे नसे, आणि त्या फरकात बहुधा शेतकरीच नाडला जाई. आज नंदुरबारचा किलो आणि सावंतवाडीचा किलो एकच आहे. परंतु गावोगाव फिरणाऱ्या कार्यकर्त्याच्या हाती आणखी एक माप असते, त्याची अशी तपासणी सहसा होत नाही. ते माप म्हणजे प्रश्नावली. कुटुंब सधन की निर्धन, शेतकरी नवी पद्धत स्वीकारण्यास अनुकूल की प्रतिकूल, हे ती अंकांत सांगते. ती एका मुलखात घडविली जाते, दुसऱ्या मुलखात वापरली जाते, आणि मधल्या वाटेवर तिचे केवळ भाषांतर होते.

उदय पारीक आणि जी. त्रिवेदी यांनी १९६४ साली ग्रामीण कुटुंबांचा सामाजिक व आर्थिक दर्जा मोजण्याची श्रेणी प्रसिद्ध केली. कृषिविस्ताराच्या अभ्यासकांनी ती पुढे फार वापरली. जात, व्यवसाय, शिक्षण, संस्थांतील सहभाग, जमीन, घर, शेतीसाठी असलेले बैल अथवा ट्रॅक्टर, घरातील वस्तू आणि कुटुंब अशा नऊ बाबींना तीत गुण दिलेले आहेत. (जातीलाही गुण द्यावेत हे आज कोणास रुचणार नाही, पण तो वेगळा विषय.) शेतकऱ्यांच्या गावासाठी बेतलेले हे माप आहे, आणि तेथे ते उपयोगी पडले.

आता हेच माप अंधेरीच्या पश्चिमेस वेसावे कोळीवाड्यात नेले असे समजावे. १९६१ साली स्थापन झालेली केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था तेथून जवळच आहे, आणि विस्तारकार्य हा तिच्या अभ्यासक्रमाचा भाग आहे. म्हणून हा विचार केवळ कल्पनेचा नव्हे. 'आपली जमीन किती?' या प्रश्नाचे मराठी निर्दोष आहे. ते मराठी पुन्हा इंग्रजीत उलटविले तरी मूळ प्रश्नच हाती येईल. भाषांतर तपासण्याची ही उलट-भाषांतराची पद्धत रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७० साली सविस्तर मांडली, आणि शब्दांची चूक पकडण्यास ती चांगली आहे. परंतु येथे शब्द चुकलेलाच नाही. नावेचा मालक सांगतो, 'जमीन नाही'. त्याच नावेवरचा खलाशीही सांगतो, 'जमीन नाही'. दोघांनाही शून्य गुण. बैलांच्या रकान्यात पुन्हा दोघांना शून्य. ज्या मापाने मालक आणि मजूर यांतील अंतर दिसावयाचे, ते येथे दोघांना एकाच पायरीवर बसविते. डोल जाळी, इंजिन, बोंबील वाळविण्याची जागा, बर्फाची व डिझेलची उधारी यांपैकी कशाचाही त्यात मागमूस नाही.

मापाच्या अशा चुकीची किंमत कोणालातरी द्यावी लागते. २००२ साली ग्रामीण भागात दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांची गणना झाली, तेव्हा तेरा बाबींना प्रत्येकी शून्य ते चार गुण होते. पहिलीच बाब जमिनीची होती. किनाऱ्यावरील गावांतील भूमिहीन मच्छीमार, मग तो नावेचा धनी असो वा दुसऱ्याच्या नावेवर राबणारा असो, तेथे शून्यावरच राहिला. २००९ साली एन. सी. सक्सेना समितीने ही पद्धत बदलण्याची शिफारस केली. २०११ च्या सामाजिक-आर्थिक व जातनिहाय गणनेत नाव मोजमापात आली खरी, परंतु ती कशी आली हे पाहण्यासारखे आहे. नोंदणी आवश्यक असलेली यांत्रिक मासेमारी नौका घरी असल्यास ते ग्रामीण कुटुंब वंचितांच्या यादीतून आपोआप वगळावे, असा तो निकष होता. शेतकऱ्याच्या बाबतीत एकर किती, पाणी आहे काय, पिके किती हंगामांची, असे बारकावे पाहिले गेले. नौकेच्या बाबतीत मात्र 'आहे' किंवा 'नाही' एवढेच. जुनी नाव, तिच्यावरचे कर्ज, चार भावांतील तिची वाटणी यांचा विचार त्या एका शब्दात मावणे शक्य नव्हते. पूर्वी न दिसणारी नाव आता दिसली, पण शेतकऱ्याच्या डोळ्यांनी पाहिलेली दिसली.

म्हणून जमिनीच्या जागी नाव घालून काम भागत नाही. जमीन टिकते, नाव झिजते, वादळात फुटतेही. तिचे गुण नव्याने ठरवावे लागतात, आणि ते ठरविण्याचा एक साधा मार्ग आहे. कुटुंबांची नावे चिठ्ठ्यांवर लिहून गावातील चार जाणत्या माणसांना, त्यांत स्त्रियाही असाव्यात, सधन ते निर्धन अशा ढिगांत त्या लावावयास सांगाव्या, आणि असे का लावले हे विचारावे. बार्बरा ग्रँडिन यांनी १९८८ साली या पद्धतीची क्षेत्रपुस्तिका प्रसिद्ध केली. गावाचे ढीग आणि प्रश्नावलीचे गुण जुळले नाहीत, तर आधी प्रश्नावलीकडे संशयाने पाहावे.

प्रश्न कोणाला व केव्हा विचारला, यानेही उत्तर फिरते. कोळीवाड्यात मासळी विकते ती घरची बाई, आणि पैसा तिच्या हातून जातो; कुटुंबप्रमुख म्हणून पुरुषालाच विचारले तर विक्रीचा आकडा अंदाजाचाच मिळावयाचा. 'गेल्या महिन्याचे उत्पन्न' पावसाळ्यात, मासेमारी बंद असता विचारले तर काहीच नाही असे उत्तर येईल. डोलीची मासळी भरती-ओहोटीच्या ओढीवर अवलंबून असते; उधाणाचे दिवस आणि भांगाचे दिवस वेगळे धरून विचारल्यास हिशेब अधिक भरवशाचा मिळतो.

प्रत्येक गावाने आपले वेगळे माप केले तर दोन जिल्ह्यांची तुलना कशी करावयाची, असा आक्षेप निघतो आणि तो रास्त आहे. त्यासाठी सर्वत्र समान असे थोडे प्रश्न कायम ठेवून स्थानिक प्रश्नांची पुरवणी वेगळी जोडता येते, आणि तिचे गुणही वेगळे दाखविता येतात. परंतु न बसणाऱ्या मापाने काढलेले दोन आकडे शेजारी मांडणे ही तुलना नव्हे.

ही अडचण प्रथम दिसते ती ग्रामसेवकाला किंवा कृषी सहाय्यकाला, कारण उंबरठ्यावर तोच बसलेला असतो. प्रश्न लागू पडत नसेल तेथे त्याने शून्य भरू नये. 'शून्य' आणि 'लागू नाही' हे दोन भिन्न शेरे आहेत. छापील तक्त्यात त्यासाठी रकाना नसेल तर समासात कारणासह तसे लिहावे, आणि तालुका कार्यालयाने आकड्यांची बेरीज वर धाडताना हे शेरेही सोबत पाठवावेत.