स्लॅम म्हणजे जुगार नव्हे!

"कशाला रिस्क? गेम होतोय ना भो!" जळगाव-धुळ्याकडे जे मोजके लोक ब्रिज खेळतात, त्यांच्या टेबलावर हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता डोकंच फिरतं. बोली 4 इस्पिक, हात झाले 12, आणि चेहऱ्यावर समाधान. अहो, कसलं समाधान?

मला वाटतं हा मेंढीकोटचा संस्कार आहे. खान्देशात आपण त्यावरच वाढलो. तिथे चारही दश्श्या पकडल्या की कोट, आधी कुणाला सांगावं लागत नाही. ब्रिजमध्ये आधी बोलावं लागतं. न बोललेल्या स्लॅमचा बोनस शून्य. आणि डुप्लिकेटमध्ये तीच पानं प्रत्येक टेबलावर जातात, त्यामुळे 'पानंच आली नाहीत' ही पळवाटही बंद.

हिशोब बघा. व्हल्नरेबल नसताना 4 इस्पिक बोलून 12 हात केले की 480. तेच 6 बोलून केले तर 980. 6 बोलून एक हात कमी पडला तर उणे 50, आणि त्याच पानांवर 4 वाल्याला 450. म्हणजे फायदा 500, तोटाही 500. सगळा स्लॅम एका फिनेसवर अडला असेल तर मामला बरोबरीचा. त्याहून जरा बरा चान्स असेल तर बोललंच पाहिजे! यात जुगार कुठे आला? (सुप्रीम कोर्टाने 1967 साली रमीलासुद्धा कौशल्याचा खेळ म्हटलं, तेही ब्रिजचा दाखला देऊन. आणि 2018 च्या एशियाडमध्ये प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी ब्रिजचं सुवर्ण आणलं, तेव्हा बर्धन साठीचे होते. असो.)

सगळ्यात संताप येतो तो ब्लॅकवुडवाल्यांचा. 4 नो-ट्रम्प म्हणून पार्टनरला एक्के विचारायचे, एकच एक्का बाहेर आहे हे कळलं तरी 5 वर थांबायचं! मग विचारलं कशाला? दोन एक्के बाहेर असतील तर स्लॅम टाळता यावा, यासाठी तो प्रश्न आहे. धीर गोळा करायला नाही. 5 इस्पिकला 4 पेक्षा जास्त बोनस मिळत नाही, अन् त्यात एक हात पडला की बसा बोंबलत.

7 ची गोष्ट मात्र वेगळी. तिथे जिंकलात तर 500 जास्त, हरलात तर 1030 गेले. साधारण तीनात दोनदा होणार असेल तरच बोलावं. तिथे तुम्ही थांबलात तर मी चकार शब्द काढणार नाही.