कोंबडीला आधी गोळी की आधी लस?

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी अकरा कोंबड्या होत्या. श्रावण संपला तेव्हा दोनच उरल्या. म्हणून हा लेख लिहीत आहे.

त्या दिवशी सकाळी आजीने खुराडे उघडले, तर तुरेवाली कोंबडी मान वाकडी करून गोल गोल फिरत होती. हिरवट पातळ शी आणि गळ्यात घरघर. आजी म्हणाली, "मानमोडी आली गं बाय!" घरात कुणाच्या तरी दुखण्यातल्या कॅप्सूल उरल्या होत्या. त्या फोडून भाकरीतून चारल्या. कॅप्सूल मीच फोडल्या. उपयोग काहीच झाला नाही.

नंतर गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी समजावून सांगितले. मानमोडीला राणीखेत रोग म्हणतात. राणीखेत हे उत्तराखंडातले गाव. १९२७ च्या सुमारास आपल्या देशात हा रोग तिथे ओळखला गेला, म्हणून ते नाव पडले. हा रोग विषाणूमुळे होतो. कॅप्सूलमधले औषध जिवाणूंना मारते, विषाणूंना नाही. म्हणजे आम्ही औषध दिले, पण त्या रोगाचे दिलेच नाही!

औषधे वाईट असतात असे मी म्हणत नाही. पावसाळ्यात खुराडे ओले राहिले की पिलांना रक्ती हगवण लागते. तिच्यावर पाण्यातून द्यायचे औषध आहे आणि ते वेळेवर दिले तर पिले वाचतात. जंतांवरही औषध आहे. पण कोणते व किती, ते डॉक्टरांनी सांगावे. औषध चालू असताना आणि पुढे डॉक्टर सांगतील तितके दिवस अंडी खायची नाहीत, विकायचीही नाहीत. ऊठसूट औषधे दिली तर जंतू त्यांना दाद देईनासे होतात आणि मग माणसाच्या आजारातही ती चालत नाहीत. याच कारणाने २०१९ साली केंद्र सरकारने कोलिस्टिन हे औषध कोंबड्यांना देण्यावर बंदी घातली.

मानमोडीला मात्र लस हाच उपाय. पिलू साधारण आठवड्याचे झाले की डोळ्यात किंवा नाकात एक थेंब. पुढे सहा ते आठ आठवड्यांनी इंजेक्शन. कोंबड्यांच्या लसी आपल्या पुण्यात औंधलाच तयार होतात. मग आपण का देत नाही? कारण एका बाटलीत शंभर किंवा जास्त पक्ष्यांची लस असते. ती बर्फात ठेवावी लागते आणि कालवल्यावर थोड्या वेळात संपवावी लागते. आठ-दहा कोंबड्यांसाठी एवढे कोण करणार?

माझे मत असे, की एका घराला जमत नाही ते वाडीला जमेल. पावसाळ्याआधी एक दिवस ठरवावा. सगळ्यांनी मिळून बाटली आणावी. आदल्या रात्री कोंबड्या डालग्याखाली झाकाव्यात, म्हणजे सकाळी पकडापकडी होणार नाही. कोणाकडे किती कोंबड्या व पिले आहेत ते आम्ही मुले लिहून आणू. आजारी कोंबडीला मात्र लस देऊ नये.

आणखी दोन गोष्टी. बाजारातून आणलेली कोंबडी दोन-तीन आठवडे वेगळी ठेवावी. मेलेली कोंबडी ओढ्यात टाकू नये, चुना घालून खोल पुरावी. एकदम पुष्कळ मेल्या तर हात न लावता डॉक्टरांना कळवावे. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला होता, हे विसरू नये.

कोंबड्या म्हणजे आमच्या आजीची बँक. माझ्या वह्या अंड्यांच्या पैशातूनच येतात. तहान लागल्यावर विहीर खणून पाणी मिळत नाही. पालकांनो, यंदा आधीच खणू या. आमच्या राहिलेल्या दोन कोंबड्यांपैकी एक आता खुडूक बसली आहे. तिच्या पिलांना लस मिळालीच पाहिजे.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी