ढगांतली जिवंत वस्ती

सुरगाण्यात पावसाळ्यात ढग डोंगरावर टेकतात आणि उन्हाळ्यात पाड्यांवरचे हंडे रिकामे राहतात. ढगात काय असते हा प्रश्न इथे नुसत्या कुतूहलाचा नाही. २००५ साली जयंत नारळीकर यांच्या पुढाकाराने हैदराबादहून सोडलेल्या फुग्याने ढगांच्याही वरची, २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा आणली. हैदराबाद आणि पुण्याच्या प्रयोगशाळांना तीत जिवाणूंच्या तीन नव्या जाती सापडल्या. हवा भरून आणणाऱ्या नळ्याच दूषित असतील, ही शंका रास्त होती. म्हणूनच एक नळी उड्डाणात शेवटपर्यंत न उघडता तुलनेसाठी ठेवली होती. हे जीव अंतराळातले असावेत, ही कल्पना मात्र मला पटत नाही, कारण त्या तिघांतली आर्यभटाचे नाव दिलेली जात पुढे पिकांच्या मुळांशीही आढळली. मातीतलेच जीव वर जातात.

मग वाटेतल्या ढगांत ते पाऊस पाडतात का? काही ढगांत पाणी गोठले की पाऊस तयार होतो. स्यूडोमोनास सिरिंजी या जिवाणूचे प्रथिन उणे २ अंशांच्या आसपासच पाणी गोठवते. खनिज धुळीला बहुधा याहून बरीच जास्त थंडी लागते. पण धुळीचे कण कितीतरी अधिक, आणि सह्याद्रीचा बराचसा पाऊस बर्फाविनाच पडतो. तेव्हा आज तसा दावा करणे घाईचे ठरेल. महाबळेश्वरला ढगांची प्रयोगशाळा आहे. सुरगाण्याच्या डोंगरावरही ढगांतले जिवाणू मोजावेत, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.