ठेका जगाचा, बोली आपली

जमैकातल्या किंग्स्टनच्या रस्त्यांवर भलेमोठे स्पीकर लावून, ठेक्यावर आपल्याच बोलीत बोलत १९७०च्या दशकाअखेर डान्सहॉल संगीत घडलं. आपल्याकडे क्रेटेक्स, म्हणजे कृणाल घोरपडे, याने हाऊस संगीत मराठीत आणलं. श्रेयस सागवेकरसोबतचं त्याचं ‘तांबडी चामडी’ २०२४मध्ये नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सने प्रकाशित केलं. या अंकात त्याच्या वाटचालीपेक्षा शैलीवर आम्ही अधिक रेंगाळलो आहोत: सरळ, एकसारखा ठेका आणि त्यावर आखूड, ठसकेबाज मराठी शब्द. गावाबाहेर पडताच बोली दडवणाऱ्या आपल्या मुलांसाठी हे आम्हाला फार मोलाचं वाटतं. चंदगडच्या यात्रा-वरातींतही डॉल्बी दणाणतो. त्यावर चंदगडी बोली मात्र क्वचितच ऐकू येते. ती कशी यावी, हे आम्हाला जरूर कळवा. स्वतः गाणं रचलं असेल, तर तेही पाठवा.