नदी ‘लिमिट’च्या आत आहे म्हणे!

पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं की ते कळकतं, हे आपल्या आज्यांना कुठल्याही लॅबशिवाय माहीत होतं. म्हणून तर भांड्यांना कल्हई करून घ्यायची पद्धत होती. आंबटात तांबं उतरतं आणि ते पोटात जाणं वाईट... ही ‘हेवी मेटल टॉक्सिसिटी’च की! फरक एवढाच, की कळकलेलं ताक जिभेला कळतं. नदीच्या पाण्यातलं कॅडमियम किंवा शिसं जिभेला कळत नाही, नाकाला नाही आणि डोळ्यांना तर नाहीच. ते कळतं फक्त मशीनला. पण मशीनने दिलेल्या आकड्याचा अर्थ माणसालाच लावावा लागतो, आणि तिथे आपण फार आळशी आहोत असं माझं स्पष्ट मत आहे.

नदीच्या प्रदूषणावर चर्चा निघाली की कोणीतरी म्हणतंच, “धातूंचं प्रमाण लिमिटच्या आत आहे.” झालं! विषय संपला. पण हे लिमिट म्हणजे नेमकं काय? पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) एका लिटरमागे कॅडमियम ०.००३ मिलीग्रॅम, शिसं ०.०१ आणि पारा ०.००१ इतकंच चालतं. म्हणजे दहा हजार लिटरचे शंभर टँकर भरले, तर त्या सगळ्यांत मिळून फक्त ३ ग्रॅम कॅडमियम!

आता थोडं गणित. घाबरू नका, एम-थ्री नाही! कॅडमियम बरोबर लिमिटवर आहे असं धरा. ६० किलोचा माणूस रोज २ लिटर पाणी प्यायला, तर त्याच्या किलोमागे रोज ०.०००१ मिलीग्रॅम कॅडमियम पोटात जातं. पाण्यातून येणाऱ्या कॅडमियमसाठी अमेरिकेच्या ‘ईपीए’ने ०.०००५ ही पातळी धरली आहे. भागाकार केला की येतात ०.२. याला ‘हॅझर्ड कोशंट’ म्हणतात. तो १ च्या वर गेला की काळजीचं कारण. आता १० किलोचं बाळ घ्या, रोज १ लिटर पाणी पिणारं. त्याचा कोशंट येतो ०.६. पाणी तेच, लिमिट तेच, पण बाळाचा धोका तिप्पट! शिवाय हे झालं फक्त पाण्याचं आणि फक्त एका धातूचं. जेवणातून येणारं वेगळंच. शिशाच्या बाबतीत तर रक्तात इतकं असलं तरी चालेल अशी कुठलीही सुरक्षित पातळी माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनाच सांगते.

जेवणातून काय येऊ शकतं, ते जपानच्या लोकांनी सोसलंय. तिथल्या तोयामा प्रांतात जिंझू नावाची नदी आहे. वरच्या अंगाला कामिओका इथे जस्त आणि शिशाची खाण होती. जस्ताच्या खनिजाबरोबर कॅडमियम येतंच, ते नदीत जायचं. नदीचं पाणी भातखाचरांत, खाचरातला भात ताटात. वर्षानुवर्षं हे चाललं. मग गावातल्या उतारवयाकडे झुकलेल्या बायकांची हाडं ठिसूळ होऊ लागली, किडन्या बिघडल्या. नुसत्या खोकल्याने हाड मोडायचं. त्या कण्हायच्या “इताई, इताई”, म्हणजे “दुखतंय, दुखतंय”. रोगाचं नावच ‘इताई-इताई’ पडलं! डॉ. नोबोरू हागिनो यांनी १९६१ मध्ये कॅडमियमकडे बोट दाखवलं, सरकारने ते मान्य केलं १९६८ मध्ये, आणि शेतांची माती बदलण्याचं काम चाललं २०१२ पर्यंत. खाणीतलं कॅडमियम नदीने खाचरात नेऊन साठवलं होतं. नुसतं एक बाटली पाणी तपासून हे कळलं असतं का?

म्हणूनच माझा मुद्दा असा, की नदी तपासायची तर पाण्याबरोबर गाळही तपासायला हवा. धातू कुजत नाहीत, विरत नाहीत, गाळात जाऊन बसतात. पावसाळ्यात पूर आला की तोच गाळ ढवळून वर येतो. काठावरची भाजी, मासे हेही तपासायला हवेत. आणि कुठला धातू, हेही विचारायला हवं. केंद्रीय जल आयोगाच्या २०१९ च्या अहवालात तपासलेल्या ठिकाणांपैकी सुमारे दोन-तृतीयांश ठिकाणी कुठला ना कुठला धातू मर्यादेबाहेर होता, पण त्यात सगळ्यात पुढे होतं लोखंड. लोखंड आणि कॅडमियम एकाच तराजूत कसे तोलणार?

“आपल्याला काय, हॉस्टेलला आरओ आहे!” असं म्हणणारे पुष्कळ आहेत. आरओ धातू बऱ्यापैकी अडवतो, मान्य. पण मेसमधली मेथी काही आरओच्या पाण्यावर वाढत नाही!

आणि नदी फक्त कारखानेवालेच खराब करतात असंही नाही. प्रोजेक्टच्या सीझनमध्ये पीसीबी एच करायला फेरिक क्लोराइड आणलं जातं. बोर्डावरचं तांबं त्यात विरघळतं आणि ते चॉकलेटी-हिरवं पाणी सरळ बेसिनमध्ये ओतलं जातं. मैलापाणी केंद्रातले जिवाणू सेंद्रिय घाण खातात, तांबं खात नाहीत. आपल्याला चालेल एवढं तांबंसुद्धा माशांना मारू शकतं.

तेव्हा सरकारने अमुक करावं, तमुक करावं हे लिहिण्यापेक्षा मी दोनच गोष्टी सुचवते. एक, प्रत्येक लॅबमध्ये वापरलेल्या फेरिक क्लोराइडसाठी प्लास्टिकचा कॅन ठेवावा आणि तो घातक कचरा नेणाऱ्या अधिकृत संस्थेकडे द्यावा. दोन, सिव्हिलच्या फायनल इयरने वर्षातून दोनदा, मे महिन्यात आणि पावसाळ्यानंतर, आपल्या मागच्या नदीत त्याच तीन जागांवरून पाणी आणि गाळ घ्यावा. बाटल्या ॲसिडने धुतलेल्या हव्यात आणि पाण्याच्या सॅम्पलमध्ये नायट्रिक ॲसिड घालून पीएच २ च्या खाली आणायला हवा. नाहीतर धातू बाटलीलाच चिकटतात आणि रिपोर्ट उगाचच छान येतो! टेस्टिंग बाहेरून करून घ्यावं लागलं तरी चालेल. गॅदरिंगच्या डीजेपेक्षा ते नक्कीच स्वस्त पडेल.

पाच वर्षांचे असे आकडे डिपार्टमेंटच्या कपाटात असले, तर पुढच्या बॅचला निदान विचारता तरी येईल : लिमिटच्या आत, पण कुणासाठी? साठ किलोच्या आपल्यासाठी, की काठावरच्या वस्तीतल्या दहा किलोच्या बाळासाठी?